हिरवं पॅरामेशियम रिकामं करून पुन्हा भरताना : प्रकल्प नोंदी

या नोंदी पॅरामेशियम बर्सारिया या एकपेशीय जीवावर केलेल्या कामाच्या आहेत. त्याच्या एकुलत्या एका पेशीत शेकडो हिरवी शैवालं जिवंत नांदतात. आधी ही शैवालं काढून जीव पांढरा करायचा आणि तो तसा तगतो का ते पाहायचं. मग तीच शैवालं त्याला खाऊ घालायची आणि कोणती पचतात, कोणती टिकतात हे डोळ्यांनी बघायचं. ४०० पटींचा मायक्रोस्कोप आणि सबुरी एवढं भांडवल पुरतं. पैशापेक्षा वेळ जास्त जातो, आणि त्यातला बराचसा पहिल्याच टप्प्यात. कोणी हेच करणार असेल तर जिथे माझा वेळ वाया गेला तिथे त्यांचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे.

८ जानेवारी

साचलेल्या, स्वच्छ तळ्यातल्या पाणवनस्पतींखालचं पाणी आणलं. बर्सारिया ओळखायला सोपं आहे : नेहमीच्या पॅरामेशियमपेक्षा आखूड आणि रुंद, लांबी साधारण ०.१ मिलिमीटर, पुढचं टोक तिरकं, आणि अंगभर हिरवे ठिपके. ठिपका म्हणजे एक शैवाल, आणि प्रत्येक शैवाल स्वतःच्या वेगळ्या पटलात गुंडाळलेलं असतं. हे पटल यजमानाचं, म्हणजे शैवालाला आत ठेवणाऱ्या पॅरामेशियमचं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढचं सगळं काम तिच्याभोवती फिरतं.

हाच जीव का निवडला ते एकदा लिहून ठेवतो. आपल्या पेशींतले मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) एके काळी स्वतंत्र बॅक्टेरिया होते आणि वनस्पतींतले क्लोरोप्लास्ट (प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे भाग) हे मुळात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे बॅक्टेरिया. मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये क्लोरोप्लास्टबद्दल हे मांडलं, लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये (तेव्हा लिन सेगन या नावानं) पूर्ण सिद्धांत लिहिला, आणि पुढे डीएनएच्या पुराव्यानं तो पक्का झाला. पण ती घटना दीड अब्ज वर्षांहूनही जुनी आहे. ती पुन्हा घडवता येत नाही. एका पेशीनं दुसरी गिळावी आणि पचवू नये, ही पहिली पायरी मात्र बर्सारियात आजही रोज घडते, आणि ती घरच्या टेबलावर बघता येते.

१५ जानेवारी

गवताचा काढा उकळून, गाळून, दोन दिवस उघडा ठेवला की त्यात बॅक्टेरिया वाढतात. ते पॅरामेशियमचं अन्न. क्लोरीन नसलेलं पाणी वापरलं. तरी पहिल्या बाटल्या आठवड्याभरात गेल्या. तळ्याच्या पाण्याबरोबर रोटिफर हे सूक्ष्म प्राणी आले होते, त्यांनी बॅक्टेरिया फस्त केले आणि बर्सारिया उपाशी राहिले.

उपाय एकच, आणि तो टाळू नये : एकेक पेशी वेचणं. काचेची नळी ज्योतीवर धरून केसासारखी बारीक ओढायची, खड्ड्याच्या स्लाइडवर एक पेशी उचलून स्वच्छ पाण्याच्या थेंबात सोडायची, तिथून पुढच्या थेंबात, असं चार-पाच थेंबांतून धुऊन काढायचं. एका पेशीपासून वाढलेली बाटली म्हणजे एक वाण. पुढच्या तुलना एकाच वाणात करायच्या, नाहीतर फरक शैवालामुळे पडला की वाणामुळे हे कधीच कळत नाही.

२ फेब्रुवारी

अंधार सुरू. बाटल्यांना फॉइलचे दोन थर आणि वर पुठ्ठ्याचं खोकं. अंधारात शैवालांना प्रकाशसंश्लेषण करता येत नाही, त्यांची वाढ मंदावते. यजमानाला मात्र बॅक्टेरिया भरपूर मिळाले तर तो विभागत राहतो. प्रत्येक विभाजनात शैवालं दोन्ही कन्यापेशींत वाटली जातात, आणि वाटणी वाढीपेक्षा वेगानं झाली की पिढीगणिक संख्या घटते. म्हणून अंधारात उपाशी ठेवून भागत नाही. उलट नेहमीपेक्षा जास्त खायला घालावं लागतं. सायक्लोहेक्झिमाइडसारखी रसायनं वापरून हे काम झटपट होतं, पण ती विषारी असतात आणि यजमानालाही दुखावतात. ती मी बाजूला ठेवली.

२० फेब्रुवारी

तपासणी करताना प्रकाश लागतोच, आणि तिथे एक गोम आहे. फोटोग्राफीच्या अंधारखोलीतला लाल दिवा इथे चालत नाही, कारण क्लोरोफिल लाल प्रकाश उत्तम शोषतं. हिरवा प्रकाश ते सर्वांत कमी शोषतं. दिव्यावर गडद हिरवा जिलेटिन कागद लावून, मंद उजेडात, पटकन बघायचं आणि झाकायचं. लाल दिव्यात तपासलेल्या बाटल्या रेंगाळल्या. हिरव्यात तपासलेल्या उघडपणे फिक्या होत गेल्या.

२९ मार्च

बहुतेक पेशी पांढऱ्या दिसत होत्या. काही वेचून उजेडात ठेवल्या, तर दोन आठवड्यांत त्यातल्या निम्म्याहून जास्त बाटल्या पुन्हा हिरव्या. कारण साधं आहे : पेशीत एखाद-दुसरं शैवाल शिल्लक राहिलं तरी ती साध्या प्रकाशात पांढरीच दिसते. ते एक शैवाल पुढे सगळी जागा भरून काढतं.

हे पकडायला क्लोरोफिलची चमक कामी आली. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी बाजूनं मारायचा आणि नेत्रिकेवर (आयपीसवर) गडद लाल फिल्टर ठेवायचा. क्लोरोफिल निळा प्रकाश घेऊन गडद लाल प्रकाश सोडतं, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर एकेक शैवाल लाल ठिणगीसारखं दिसतं. खोली पूर्ण काळोखी हवी आणि डोळ्यांना दहा मिनिटं सवय होऊ द्यायला हवी. यात एकही लाल ठिपका न दिसलेली पेशीच पुढे न्यायची, आणि तिच्या काही कन्यापेशी उजेडात ठेवून महिनाभर वाट पाहायची. ही वाट पाहणं गाळू नये. पांढरं वाण खरंच रिकामं आहे याची खात्री नसेल तर पुढच्या कोणत्याच निरीक्षणाला अर्थ राहत नाही.

४ मे

आता हातात पक्की पांढरी वाणं आहेत. ती जगतात, विभागतात, खातात. म्हणजे इथे यजमान शैवालावर पूर्ण अवलंबून नाही, खाणं पुरलं तर त्याचं भागतं. वागण्यात मात्र फरक दिसतो. हिरव्या बाटलीत एका बाजूनं उजेड पाडला की पेशी त्या बाजूला गोळा होतात. पांढऱ्या पेशी तशा गोळा होत नाहीत.

थांबण्याच्या या काळात क्वांग जिऑन या जीवशास्त्रज्ञाच्या अमिबांविषयी पुन्हा वाचलं. या प्रकल्पाला दिशा तिथूनच मिळाली. १९६६ मध्ये त्यांच्या अमिबांच्या एका वाणात दांड्याच्या आकाराचे बॅक्टेरिया आपोआप शिरले. एकेका अमिबात हजारोंनी. बहुतेक अमिबा मेले, उरलेले दुबळे झाले, हळू वाढू लागले. जिऑन यांनी ते टाकून दिले नाहीत, वर्षानुवर्षं वाढवले. पुढच्या पिढ्या सावरल्या. आणि मग त्यांनी केंद्रकांची अदलाबदल केली : बाधित वाणाचं केंद्रक निरोगी अमिबात बसवलं, तर ते तिथे तग धरेना. बॅक्टेरियाशिवाय ते केंद्रक पेशी चालवू शकत नव्हतं. बॅक्टेरिया मारले की अमिबाही मरायचा. जो रोग होता तो काही वर्षांतच गरज होऊन बसला, आणि हे सगळं १९७२ मध्ये छापून आलं.

या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते असं की अमिबाला या बॅक्टेरियापासून सुरुवातीला काही फायदा झाल्याचं दिसत नाही. मिळालं काहीच नाही, तरी अवलंबित्व तयार झालं. सहजीवनाची गोष्ट नेहमी दोघांच्या फायद्यापासून सुरू केली जाते, आणि मला तिथेच अडखळायला होतं.

१८ मे

शैवालं बाहेर काढायचं काम. हिरव्या पेशी २० मायक्रॉनच्या नायलॉन जाळीवर गोळा केल्या, बारीक सुईच्या सिरिंजमधून जोरात आत-बाहेर केल्या. पेशी फुटल्या, शैवालं सुटली, पण यजमानाच्या पेशींचा चिकट गाळ त्यांना धरून राहिला आणि गुठळ्या झाल्या. गुठळ्या पॅरामेशियमला गिळता येत नाहीत.

फरक पडला तो धुण्यानं. फुटलेलं मिश्रण पुन्हा जाळीतून गाळायचं, शैवालं खाली बसू द्यायची, वरचं पाणी ओतून नवं घालायचं, असं तीनदा. हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज असेल तर हे अर्ध्या तासात होतं, नाहीतर दिवस जातो. शेवटी तळाशी एकसारखं हिरवं पाणी मिळालं पाहिजे, आणि एकेक शैवाल सुटं, गोल, ३ ते ६ मायक्रॉनचं दिसलं पाहिजे.

२१ मे

पांढऱ्या पेशी आणि शैवालं एकत्र केली. दोन मिनिटांत पेशींच्या पोटात हिरवे गोळे दिसू लागले. पण सगळं एकमेकांत मिसळून गेलं. पेशी सतत गिळत राहतात, त्यामुळे एकाच वेळी आताची, पाच मिनिटांपूर्वीची आणि अर्ध्या तासापूर्वीची अन्नरिक्तिका (गिळलेल्या अन्नाभोवतीची पटलाची पिशवी) एकाच पेशीत फिरते आणि कोणतं आधी घडलं हे कळत नाही.

युकी कोदामा आणि मासाहिरो फुजिशिमा या जपानी संशोधकांनी यावर जी युक्ती काढली तीच पुढे वापरली : मिनिट-दीड मिनिट खाऊ घालायचं, लगेच जाळीवर ओतून उरलेली शैवालं धुऊन टाकायची, आणि पेशी स्वच्छ पाण्यात घ्यायच्या. आता पोटातली प्रत्येक रिक्तिका एकाच वयाची असते आणि घड्याळ लावता येतं. या जाळीशिवाय हा प्रयोग करू नये.

२३ मे

आजची नोंद लांब आहे, कारण ज्यासाठी हे सगळं केलं ते आज दिसलं.

पेशी शांत करायला कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागद लावून पाणी हळूहळू शोषून घेतलं. पेशी किंचित दबली, थांबली, पण अंगावरच्या बारीक केसांची हालचाल चालू राहिली. (जास्त दाबलं तर फुटते. पाणी शोषताना नजर नेत्रिकेतून काढू नये.)

पहिल्या काही मिनिटांत प्रत्येक रिक्तिकेत शैवालांचा घट्ट गोळा, बहुतेक सगळी हिरवीगार. रिक्तिका आकसते. आत आम्ल येतं आहे, हे तपासायला बाजूच्या थेंबात काँगो रेडनं रंगवलेलं, उकळलेलं यीस्ट खायला दिलं होतं. तिथे लाल गोळे निळे झाले. काँगो रेड तीव्र आम्लात निळा होतो. म्हणजे शैवालंही याच आम्लात बुडालेली आहेत. त्यांना सूट मिळत नाही.

मग पाचक द्रव्यं येतात. आता एकाच रिक्तिकेत रंग वेगळे होऊ लागतात. काही शैवालं पिवळट, मग तपकिरी, कडा अस्पष्ट. त्यांना अगदी चिकटून असलेलं दुसरं शैवाल मात्र हिरवं, कडा रेखीव. तेच आम्ल, तेच पाचकरस, तीच वेळ. शेजारचं विरघळतं आणि हे राहतं. मी एकच रिक्तिका धरून बसलो आणि तिच्यातली हिरवी शैवालं पुन्हा पुन्हा मोजली. तपकिरी वाढत गेली, पण सगळी झाली नाहीत.

अर्ध्या तासाच्या आसपास रिक्तिकेच्या कडेला फुगवटा आला. त्यात एकच हिरवं शैवाल. फुगवट्याची मान बारीक होत गेली आणि ते शैवाल आपल्या वाट्याच्या पटलासकट सुटलं. पेशीद्रवाबरोबर थोडं वाहिलं आणि पेशीच्या बाहेरच्या कवचाला लागून स्थिरावलं. मागे राहिलेली रिक्तिका तपकिरी गाळ घेऊन फिरत राहिली, तासाभरानं तिच्यातला गाळ बाहेर टाकला गेला.

यातला निर्णायक क्षण गिळण्याचा नसून त्या मानेचा आहे, असं मला वाटतं. जोवर शैवाल घोळक्यात आहे तोवर ते अन्न आहे. एकटं पटल मिळालं आणि कवचाखाली जागा मिळाली की पाचकरस त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

२५ मे

दोन दिवसांनी कवचाखालच्या शैवालांपैकी काहींत आडव्या-उभ्या रेघा दिसल्या : एकाचे चार. ही शैवालं अशीच विभागतात, मूळ भिंतीच्या आत चार पिलं तयार होतात. चारही सुटतात तेव्हा प्रत्येकाला वेगळं पटल मिळतं. संसर्ग बसला. इथून पुढे ही शैवालं पेशीच्या विभाजनाबरोबर पिढीजात जातात.

६ जून

तुलनेसाठी पाण्यात मुक्त राहणाऱ्या क्लोरेल्ला या हिरव्या शैवालाचं बाजारात मिळणारं एक संवर्धन त्याच पद्धतीनं खाऊ घातलं. गिळणं तसंच, आम्ल तसंच. काही हिरवी शैवालं दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसली, पण आठवड्यात एकही उरलं नाही. हा निकाल एका वाणाचा एका यजमानाशी आहे. सगळ्या मुक्त क्लोरेल्लांबद्दल यावरून बोलता येणार नाही.

१ जुलै

ज्या प्रश्नासाठी एकाच वाणाच्या पांढऱ्या आणि हिरव्या पेशी जपल्या होत्या, त्याला आता हात घातला : शैवाल असणं यजमानाला परवडतं का? चार परिस्थिती ठेवल्या. उजेड आणि अन्न, उजेड पण अन्न नाही, अंधार आणि अन्न, अंधार आणि उपास. प्रत्येकीत पांढऱ्या आणि हिरव्या पेशी वेगवेगळ्या खड्ड्यांत, सुरुवातीला सारख्याच संख्येनं.

पहिली फेरी रद्द करावी लागली. बाष्पीभवनानं खड्डे आटले आणि क्षार वाढून दोन्ही प्रकारच्या पेशी मेल्या. नंतर खड्ड्यांची थाळी ओल्या टिपकागदासह झाकणाच्या डब्यात ठेवली, तेव्हा पाणी टिकलं.

२२ जुलै

उजेडात अन्नाशिवाय पांढऱ्या पेशी बारीक होत संपल्या, हिरव्या टिकल्या. हे अपेक्षित होतं : शैवाल यजमानाला मुख्यतः माल्टोज ही साखर आणि ऑक्सिजन देतं, यजमान त्याला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनयुक्त पदार्थ पुरवतो. या शैवालांतून साखर आम्लात जास्त सुटते, म्हणजे शैवालाच्या भोवतीचं पटल आत आम्ल ठेवून साखर काढून घेऊ शकतं. अंधारात, अन्न भरपूर असताना चित्र उलटं झालं : पांढऱ्या पेशी हिरव्यांपेक्षा वेगानं वाढल्या. तिथे शैवाल काही देत नाही आणि जागा व अन्न मात्र घेतं. म्हणजे दिवा बंद केल्यावर तेच शैवाल परजीवी ठरतं.

आणखी एक. प्रखर उजेडातल्या पेशींत शैवालं मंद उजेडातल्यांपेक्षा विरळ होती. प्रखर उजेडात शैवालांची चैन असायला हवी, त्यांनी पेशी भरून टाकायला हवी. तसं होत नाही. ख्रिस लो आणि मायकल ब्रॉकहर्स्ट यांच्या गटानं २०१६ मध्ये हेच मोजून मांडलं : शैवालांची संख्या यजमान आपल्या फायद्याच्या बेतानं राखतो. आत घेतलेल्या पाहुण्याची शिरगणती यजमानाच्या हातात आहे. म्हणून मी या नात्याला आता मैत्री म्हणत नाही. आत कोंडलेल्या जिवाकडून काम करून घेणं, असं ते आहे. मायटोकाँड्रियाच्या बाबतीतही सुरुवात याहून फारशी सौम्य असेल असं मला वाटत नाही.

९ ऑगस्ट

बाहेर काढलेली शैवालं स्वतंत्र वाढवायचा प्रयत्न. साध्या, नायट्रेट असलेल्या द्रावणात ती पिवळी पडून थांबली. पेप्टोन (प्रथिनं तोडून केलेलं पोषक) आणि थोडी साखर घातल्यावर वाढली. बर्सारियातली ही शैवालं नायट्रेटवर धड वाढत नाहीत, त्यांना अमिनो आम्लं लागतात. मुक्त क्लोरेल्ला नायट्रेटवर मजेत वाढतो. आतल्या सुरक्षित जागेची किंमत म्हणून त्यांनी स्वावलंबन गमावलं आहे. पेप्टोनमुळे बॅक्टेरियाही झपाट्यानं माजतात, तेव्हा सगळं प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केल्याशिवाय हात लावू नये.

३० ऑगस्ट

वाढलेल्या शैवालांच्या दोन नळ्या घेतल्या. एकीत मूळ तळ्याचं ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेलं पाणी, दुसरीत तेच पाणी गाळून, उकळून, थंड करून. उकळलेली नळी हिरवी राहिली. न उकळलेली आठवड्यात स्वच्छ झाली, तळाशी पांढुरका गाळ.

गाळणीतून जाणारं आणि उकळल्यावर निकामी होणारं काहीतरी पाण्यात होतं. इथे पहिला संशय क्लोरोव्हायरसांवर, म्हणजे अशा शैवालांना मारणाऱ्या विषाणूंवर जातो. जेम्स व्हॅन एटन यांनी अभ्यासलेला पीबीसीव्ही-१ हा त्यातला प्रसिद्ध : कवच सुमारे १९० नॅनोमीटर, जनुकसंच डीएनएच्या ३,३०,००० अक्षरजोड्यांच्या आसपास. हे विषाणू बर्सारियातून बाहेर पडलेल्या शैवालांवर तुटून पडतात. शैवालं पॅरामेशियमच्या आत असेपर्यंत मात्र विषाणू त्यांच्यापर्यंत पोचत नाही. प्लाक चाचणी (शैवालांच्या थरावर विषाणूनं पाडलेले रिकामे डाग बघणं) केल्याशिवाय माझ्या नळीत नेमका हाच होता असं मी लिहिणार नाही, पण उकळलेल्या आणि न उकळलेल्या पाण्यातला फरक ठळक आहे आणि पुन्हा करून पाहिल्यावरही तसाच आला.

या निकालानं माझं मत बदललं. जुलैत मी फक्त यजमानाचा हिशेब पाहत होतो. शैवालाच्या बाजूनं पाहिलं तर बाहेर विषाणू आहे आणि आत कोंडवाडा. एका संसर्गापासून वाचायला दुसऱ्याच्या पोटात राहणं त्याला परवडतं. सहजीवन टिकवणारा तिसरा पक्ष रोग आहे, आणि तो सहसा चित्रात धरलाच जात नाही. २०१६ मध्येच व्हॅन एटन आणि जॉन डिलाँग यांच्या गटानं दाखवलं की कोपेपॉड हे बारीक कवचधारी प्राणी पॅरामेशियम खातात तेव्हा शैवालं सुटी होतात आणि विषाणूंची संख्या वाढते. यजमान मेला की संरक्षण संपलं.

विषाणू नेहमी बाहेरच राहतात असंही नाही. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहे. त्यातलं सिन्सिटिन नावाचं प्रथिन गर्भाच्या वारेतल्या (प्लासेंटातल्या) पेशी एकमेकांत जोडतं. मुळात ते विषाणूचं, पेशीच्या पटलाशी एकजीव होऊन आत शिरण्याचं हत्यार होतं.

१७ सप्टेंबर

बाजूच्या एका बाटलीत वाढणाऱ्या पॅरामेशियम कॉडेटममध्ये काही पेशींचं मोठं केंद्रक फुगलेलं दिसलं. असिटो-ऑर्सीननं रंगवल्यावर केंद्रकात लांब, किंचित वाकडे दांडे गच्च भरलेले. होलोस्पोरा हा केंद्रकात राहणारा बॅक्टेरिया असावा. डीएनए तपासल्याशिवाय नाव पक्कं करत नाही. हे बॅक्टेरिया खाण्यातून आत येतात, अन्नरिक्तिकेतून निसटतात आणि थेट केंद्रक गाठतात. शैवालाची वाट आणि यांची वाट सुरुवातीला एकच आहे. पुढे एक कवचाखाली थांबतं, दुसरा केंद्रकात घुसतो. होलोस्पोरा अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातला आहे, आणि मायटोकाँड्रियाचे पूर्वजही याच गटाशी जोडले जातात. टायफसचा रिकेट्सिया आणि कीटकांतला वोल्बाकियाही याच गटातले. होलोस्पोरा ऑब्ट्युसाची बाधा झालेलं पॅरामेशियम उष्णतेचा झटका जास्त सोसतं, असंही आढळलं आहे. केंद्रकातला रोगजंतूही परिस्थितीनुसार उपयोगी पडतो.

पॅरामेशियमचे हे संसर्ग १८९० मध्ये वर्णन करणारे वाल्डेमार हाफकिन यांनीच पुढे १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. नाव लसीशी जोडलं गेल्यामुळे त्यांचं हे आधीचं काम फार कमी लोकांना माहीत असतं, आणि माझ्या मते ते तितकंच मोठं आहे.

ही बाटली इतरांपासून वेगळ्या खोलीत हलवली आणि तिची नळी, जाळी वेगळी ठेवली. कोणी दोन्ही जाती वाढवत असेल तर हत्यारं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

११ ऑक्टोबर

या प्रयोगातून काय दिसत नाही तेही नोंदवून ठेवतो. बर्सारिया आणि शैवाल अजून वेगळे करता येतात. मायटोकाँड्रिया करता येत नाहीत. माणसाच्या मायटोकाँड्रियाकडे १६,५६९ अक्षरजोड्या आणि ३७ जनुकं उरली आहेत, त्यातली फक्त १३ प्रथिनांची. त्याला लागणारी बाकी हजाराहून जास्त प्रथिनं केंद्रकाच्या सांगण्यावरून तयार होतात आणि बाहेरून आत पोचवली जातात. जनुकं यजमानाच्या केंद्रकात जाणं आणि प्रथिनं परत आत नेणारी यंत्रणा उभी राहणं, या पायरीची झलक माझ्या स्लाइडवर कुठेही नाही. ती अर्धवट वाटेवर बघायची तर ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी हे समुद्री शैवाल आहे. त्यातला नायट्रोजन बांधणारा बॅक्टेरिया आता पेशीचाच अवयव झाला आहे आणि यजमानाकडून प्रथिनं आयात करतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी झुरिकमधल्या युलिया फोरहोल्ट यांच्या गटानं अतिसूक्ष्म सुईनं बॅक्टेरिया बुरशीच्या पेशीत टोचले आणि ते बीजाणूंतून पुढच्या पिढीत गेले. सुरुवातीला बाधित बीजाणू कमी उगवत. बाधित वंशच निवडत गेल्यावर काही पिढ्यांत ते सुधारले. जिऑन यांच्या अमिबात जे नकळत घडलं ते इथे हातानं घडवलं गेलं, आणि क्रम तोच आला : आधी नुकसान, मग सावरणं.

२ नोव्हेंबर

सध्या पांढरी, मूळ हिरवी आणि पुन्हा भरलेली अशी तिन्ही वाणं चालू आहेत. प्रत्येक वाण किमान तीन बाटल्यांत, वेगवेगळ्या जागी ठेवावं. पांढरं वाण गमावलं तर पुन्हा काही महिने जातात. दर दोन आठवड्यांनी नवा काढा, दर महिन्याला निळ्या दिव्याची तपासणी. पांढऱ्या बाटलीत हिरव्याची नळी एकदा जरी बुडाली तरी ते वाण बाद समजावं.

काल दुसऱ्या तळ्यातल्या बर्सारियातून काढलेली शैवालं पहिल्या तळ्याच्या पांढऱ्या पेशींना दिली. आज कवचाखाली हिरवे ठिपके आहेत, पण मूळ शैवालांच्या वेळी दुसऱ्या दिवशी होते त्यापेक्षा बरेच कमी. चारात विभागलेलं अजून एकही दिसलेलं नाही. उजेड आणि अन्न तसंच ठेवून महिनाभर मोजणार आहे, आणि शेजारी मूळ शैवालं पुन्हा दिलेली बाटली तुलनेला ठेवली आहे.